चष्मेवाल्याच्या सभागृहाचा इतिहास

ताई : …आणि ह्या तीन फायली वक्त्यांच्या पत्रांच्या, ह्या दोन जाहीर सूचनांच्या. मोजून घे आणि इथे सही कर. बहीण आहेस म्हणून बिनसहीची टाचणीसुद्धा ह्या ऑफिसातून बाहेर जायची नाही.

धाकटी : करते गं सही. पण ताई, पेट्या सगळ्या नाहीयेत.

ताई : सगळ्या आहेत.

धाकटी : चिठ्ठ्यांच्या म्हणतेय मी. श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या, दर वर्षाची एक पेटी. पंचाहत्तर वर्षांच्या पंचाहत्तर व्हायला हव्यात. मी दोनदा मोजल्या, चौऱ्याहत्तरच भरतात.

ताई : मग तिसऱ्यांदा मोज.

धाकटी : बावीस वर्षांपूर्वीची नाहीये. मी इथे बोलले होते ना, ते वर्ष.

ताई : वाळवी लागली असेल.

धाकटी : एकाच पेटीला? शेजारच्या दोन्ही धडधाकट, आणि मधलीच तेवढी खाल्ली?

ताई : ते वाळवीला विचार. मुंग्यांवर सहा पुस्तकं लिहिलीस, वाळवी त्यांच्याच नात्यातली असेल कुणीतरी.

धाकटी : मुंग्यांच्या नाही, झुरळांच्या नात्यातली असते ती.

ताई : बघ! बोललीच. समोरच्याची चूक काढल्याशिवाय लहानपणापासून तुझा घास उतरत नाही. बाबा तुला टिटवी म्हणायचे ते काय उगाच?

माइकवाला : हॅलो… एक, दोन, तीन… हॅलो… बाई, ऑफिसात ऐकू येतंय का?

ताई : ऑफिसात काय, सगळ्या गल्लीत येतंय! बारीक कर तो.

माइकवाला : शनिवारसाठी वाढवून ठेवला हो. मॅडमचा आवाज नाजूक आहे. पंचाहत्तर वर्षांचा इतिहास सांगायचा म्हणजे मागच्या रांगेपर्यंत पोचायला नको? सांगून ठेवतो, नंतर मला बोल लावायचा नाही.

ताई : ऐकलंस? पस्तीस वर्षं त्याच्याबरोबर काम करतेय. मी 'बाई' आणि तू 'मॅडम'. माझा आवाज नाजूक आहे की राकट, ह्याची त्याला कधी चौकशी करावीशी वाटली नाही.

धाकटी : तुला राग आलाय. शनिवारचं व्याख्यान मला दिलं म्हणून.

ताई : राग कसला? मंडळाच्या सभेचा वृत्तांत मीच लिहिला, माझ्या हातानं. 'विषय क्रमांक चार. सभागृहाचा इतिहास कोणी सांगावा? कार्यवाहांच्या विद्वान भगिनींना विनंती करावी. सर्वानुमते मंजूर.' पेन अडलं नाही कुठे, एवढं मात्र खरं.

धाकटी : तेव्हाच बोलायचं होतंस, मी सांगते म्हणून.

ताई : मला विचारलं की त्यांनी. 'बाई, त्या दिवशी खुर्च्यांचं तुम्ही बघाल ना?' असं विचारलं. बघते म्हटलं.

धाकटी : ताई…

ताई : ताई काय? मी वीस वर्षांची होते तेव्हापासून इथे आहे. आधी पाणी दिलं, मग पत्रं लिहिली, मग कार्यवाह झाले. हजारावर व्याख्यानं ऐकली मी ह्या भिंतीला टेकून. तू काय ऐकलंस? लहान होतो तेव्हा बाबा दारावर उभे असायचे आणि आपण दोघी मागच्या बाकावर. पाच मिनिटांत तू माझ्या मांडीवर घोरायला लागायचीस. घरी जाताना बाबा विचारायचे, 'आज काय सांगितलं त्यांनी?' अख्खं व्याख्यान मी म्हणून दाखवायचे, आणि बाबा कडेवर तुला घ्यायचे.

धाकटी : झोपलेल्या पोरीला कडेवर नाही घ्यायचं तर काय करायचं?

ताई : मी कुठे म्हणतेय घ्यायचं नाही? चालत मी जायचे, एवढंच सांगतेय.

धाकटी : बरं. निदान हे तरी ऐक. सुरुवात लिहिली आहे. 'ज्ञानाचा प्रसार समाजाच्या शेवटच्या घटकापर्यंत व्हावा, ह्या उदात्त हेतूने एका दानशूर चष्मेविक्रेत्याने आपली वास्तू…' हसतेस काय?

ताई : वाच, वाच.

धाकटी : काय चुकलंय ह्यात?

ताई : काही नाही. पाच वर्षांपूर्वी माहितीपत्रकात मीच लिहिलेलं वाक्य आहे, तू 'उदात्त' तेवढं घातलंस. अगं, चष्मेवाल्याला कसला आलाय ज्ञानाचा प्रसार? तोतरा होता तो.

धाकटी : काय?

ताई : बोलताना अडायचा. तरुणपणी कुठल्याशा मोठ्या सभेत गेला होता. दृष्टीवरच व्याख्यान होतं, डोळे कसे बघतात वगैरे. वक्ता म्हणाला, काही शंका? हा उठला. ह्याला खरोखरच काहीतरी विचारायचं होतं, धंदाच तो त्याचा. पण पहिल्या अक्षरालाच गाडी अडली. लोक आधी गप्प होते, मग एक हसला, मग सगळे. वक्तासुद्धा. हा बसला खाली. पुढे जन्मभर दुकानात बसून लोकांचे डोळे तपासले, लग्न केलं नाही. वर हे सभागृह बांधलं, खालची दोन दुकानं सभागृहाच्या नावे लावून दिली आणि नियमांचा कागद केला. सगळ्यांना मोफत, दार कुणालाही बंद नाही, वक्त्याचा सत्कार नाही, तासाला घंटा. आणि प्रश्न विचारायला उभं राहायचं नाही. चिठ्ठीवर लिहायचा, खाली नाव घालायचं नाही. कार्यवाहानं प्रत्येक चिठ्ठी मोठ्यानं वाचायची, एकही गाळायची नाही आणि एकही फाडायची नाही. त्या एका प्रश्नासाठी उभं केलंय गं हे सगळं. ज्ञानाचा प्रसार म्हणे!

धाकटी : हे कुठे लिहिलेलं आहे?

ताई : कुठेच नाही. दुकानातला त्याचा मदतनीस म्हातारपणी इथे येऊन बसायचा. मी पाणी द्यायचे, तो सांगायचा. तीन महिने लागले त्याच्याकडून सगळं काढून घ्यायला.

धाकटी : मला का नाही सांगितलंस? चार महिने झाले मी ह्या कागदांत डोकं खुपसून बसले आहे.

ताई : का सांगू? तू शनिवारी तिथे उभी राहून सांगणार, लोक म्हणणार, 'काय शोध लावलाय!' आणि मी मागे खुर्च्या मोजणार. मीही लिहिलंय म्हटलं. चाळीस पानं झाली आहेत.

धाकटी : काय लिहिलंयस?

ताई : काही नाही. सुटलं तोंडातून.

धाकटी : इतिहास लिहिलायस तू? कुठे आहे? खणात? ताई, किल्ली दे.

ताई : उघडाच आहे तो. माझ्या खणात कोण बघतंय?

धाकटी : 'पंचाहत्तर वर्षांत ह्या सभागृहात जे बोलले, त्यांची नावं भिंतीवर आहेत. जे ऐकून गेले, त्यांची कुठेच नाहीत. म्हणून हा इतिहास मी खुर्च्यांपासून सुरू करते. पहिल्या वर्षी खुर्च्या चाळीस होत्या, त्यांतल्या नऊ मोडक्या. तरी लोक त्यांच्यावर बसले, कारण…' 

ताई : मनात वाच. मोठ्यानं नको.

धाकटी : थांब जरा. … हा न्हावी कोण? दर गुरुवारी दुकान अर्धा तास आधी बंद करून येणारा?

ताई : होता एक. अकरा वर्षं आला. पुढे नाही आला.

धाकटी : ताई, हे चांगलं आहे.

ताई : असू दे.

धाकटी : असू दे काय? मला नाही येणार हे असं लिहिता. मी माहिती गोळा करते आणि ओळीनं मांडते. तू तर… खरं सांगू? पोटात दुखायला लागलंय माझ्या.

ताई : दुखू दे. माझ्या तीस वर्षं दुखतंय, कुणी औषध आणलं नाही.

धाकटी : म्हणजे तू मला पाण्यात पाहतेस, हे तरी एकदा कबूल केलंस.

ताई : पाहते. काय करशील? तुझं पुस्तक आलं की मीच इथल्या कपाटात लावते, पुसून, दर्शनी. आणि त्या दिवशी घरी गेले की कुणाशी धड बोलत नाही.

धाकटी : आणि मी इथे आले की काय होतं, माहीत आहे तुला? जिना चढेपर्यंत चार माणसं विचारतात, 'बाईंच्या बहीण का तुम्ही?' सहा पुस्तकं लिहिली तरी मी इथे बाईंची बहीणच. जाऊ दे, ते राहू दे. ती पेटी दे.

ताई : सांगितलं ना, नाही ती.

धाकटी : मला ती इतिहासासाठी नकोय. माझं खाजगी काम आहे.

ताई : चिठ्ठ्यांच्या पेटीत तुझं काय खाजगी?

माइकवाला : बाई, जरा पाय उचला. वायर टेबलाखालून घ्यायची आहे. … ही पेटी सरकवू का?

ताई : तिला हात लावू नकोस!

माइकवाला : सरकवतोय फक्त. पाय ठेवायला किती वर्षं हिच्यावरच भिस्त तुमची. दुसरं बरंसं स्टूल आणून देतो म्हटलं तर तेही नको. मॅडम, जरा ह्या बाजूनं धरता का? जड आहे.

धाकटी : हिच्यावर आकडा आहे. ताई, हिच्यावर वर्षाचा आकडा आहे.

माइकवाला : असणारच की. पेटी संस्थेचीच आहे. काय झालं?

ताई : तू जा. वायर नंतर.

माइकवाला : बरं. पण तोपर्यंत माइक शिट्ट्या मारणार, सांगून ठेवतो.

धाकटी : वाळवी लागली होती ना?

ताई : मला पाय टेकायला काहीतरी लागतं. खुर्ची उंच आहे माझी.

धाकटी : चौऱ्याहत्तर पेट्या सोडून हीच सापडली पाय टेकायला?

ताई : उघडू नकोस ती. हे बघ, ती चाळीस पानं घेऊन जा तू. शनिवारी तुझी म्हणून वाच. न्हावी घे, तोतरा चष्मेवाला घे, सगळं घे. पेटी राहू दे.

धाकटी : आत्तापर्यंत एक टाचणी सुटत नव्हती तुझ्या हातून. असं काय आहे ह्यात?

ताई : जुने कागद आहेत. त्या दिवशीचं आठवून तुलाच त्रास होईल, म्हणून म्हटलं.

धाकटी : मला आठवायला पेटी लागत नाही. बस इथे, सांगते तुला. कुणालाच सांगितलं नाही कधी. माझे सर आठवतात?

ताई : तुझे मुंग्यांचे सर. आठवतात.

धाकटी : मागच्या आठवड्यात त्यांच्या मुलीचा फोन आला होता. चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले. म्हणाली, 'बाबा अजून विचारतात, ती का येत नाही?' मी म्हटलं, वेळ होत नाही. आणि ठेवून दिला.

ताई : का जात नाहीस पण?

धाकटी : कारण त्यांनी मला भर सभेत उघडं पाडलं. ह्याच सभागृहात. माझं पहिलं जाहीर व्याख्यान होतं, एकोणतीस वर्षांची होते मी. चार वर्षं एकाच माळावरची वारुळं मोजली होती, त्यावरच बोलले. लोकांना आवडलंही. मग चिठ्ठ्या आल्या. तूच वाचत होतीस, जुन्या कार्यवाहांचा घसा बसला होता म्हणून. मुंगी चावते की डसते, मुंग्या झोपतात का, असलं सगळं. आणि मग ती एक चिठ्ठी. तिसऱ्या वर्षीची वारुळं मी स्वतः मोजली होती का, म्हणून.

ताई : हं.

धाकटी : नव्हती मोजली. म्हणजे मोजली होती, पण प्रयोगशाळेत नळ फुटला आणि त्या वर्षाच्या वह्या भिजून लगदा झाल्या. सर म्हणाले, पुन्हा एक वर्ष घाल, पुन्हा मोज. माझ्यात तेवढा दम नव्हता. मागच्या आणि पुढच्या वर्षावरून मधले आकडे बसवून टाकले. हे त्यांना माहीत होतं, आणि मला. तिसऱ्या कुणाला नाही.

ताई : तिसऱ्या कुणालाच नाही?

धाकटी : कुणालाच नाही. दोनशे माणसांसमोर मी 'हो' म्हटलं. हो, स्वतः मोजली. त्या दिवसानंतर आजपर्यंत मी एक वारूळ मोजलेलं नाही. दुसऱ्यांनी मोजलेल्यावर पुस्तकं लिहिते. आणि सरांच्या गल्लीतून जायची वेळ आली तर रस्ता बदलते. त्यांची बायको गेली तेव्हाही गेले नाही. आता मात्र वाटतं, एकदा ती चिठ्ठी हातात घ्यावी आणि सरळ त्यांच्यासमोर ठेवावी. म्हणावं, मला एकटीला बोलावून विचारायचं होतंत ना, चारचौघांत कशाला? मग काय रडायचं-भांडायचं ते होऊ दे. माणूस चौऱ्याऐंशीचा आहे, आता नाही तर कधी?

ताई : मिळणार नाही ती ह्यात.

धाकटी : मिळेल. तारखेवार बांधलेल्या आहेत, तुझीच शिस्त. … ही बघ. 'मुंग्या झोपतात का?' … 'राणी मुंगी मेली तर?' … ही. 'तिसऱ्या वर्षीची वारुळं आपण स्वतः मोजली होती का?'

ताई : झालं समाधान? ठेव आता.

धाकटी : हे सरांचं अक्षर नाहीये.

ताई : मग सोड ना. असेल कुणीतरी.

धाकटी : नाही, थांब. डाव्या हातानं लिहिलंय हे. ओळखू येऊ नये म्हणून. सरच. दुसरं कोण असणार?

ताई : सभागृहात दोनशे माणसं होती.

धाकटी : त्यांतल्या एकाला तरी हे सुचलं असतं का? प्रश्न बघ ताई. आठ शब्द. आरोप नाही, आवाज चढवलेला नाही, 'आपण' म्हटलंय. आणि बरोबर त्याच जागी बोट. इतकी वर्षं मला सरांचा राग आला, पण मनातल्या मनात मान द्यायचे मी ह्या प्रश्नाला. मला आयुष्यात कुणी विचारलेला सगळ्यात चांगला प्रश्न आहे हा. असा प्रश्न विचारायला सरांचं डोकं लागतं. हे कुणाही येऱ्यागबाळ्याचं काम नाही.

ताई : नाही का?

धाकटी : नाही. तुला नाही कळायचं ते, तू त्या कामात नाहीस. चार वर्षांच्या आकड्यांतून नेमकं ते एक वर्ष उचलायचं म्हणजे…

ताई : माझा आहे तो.

धाकटी : काय?

ताई : तो प्रश्न. माझा आहे.

धाकटी : वाचलास तू. तेच तर म्हणतेय मी, तू वाचत होतीस.

ताई : वाचलाही मी आणि लिहिलाही मीच. आठच्या आठ शब्द माझे आहेत. तुझ्या सरांचा त्यात एकसुद्धा नाही.

धाकटी : थट्टा करू नकोस. ही वेळ नाही.

ताई : कागद उलटा कर. मागे बघ.

धाकटी : मागे… हा कसला तक्ता आहे? 'सोमवार, पाणी. मंगळवार, खुर्च्या पुसणे.'

ताई : आमच्या कामाच्या पाळ्यांचा तक्ता. तो ह्या खोलीतच असायचा, श्रोत्यांकडे कुठून जाणार? कोरा कागद फुकट जाऊ नये म्हणून त्याच्या मागे लिहिला. डाव्या हातानं. आणि प्रश्नांच्या टोपलीत टाकला.

(आतून माइकची लांब शिट्टी ऐकू येते आणि बंद होते.)

धाकटी : तुला कसं माहीत होतं? तिसऱ्या वर्षीचं?

ताई : तू सांगितलंस.

धाकटी : मी? कधी?

ताई : दोन दिवस आधी. मी तुझ्या नव्या कपड्यांना इस्त्री करत होते. तू पलंगावर बसून सांगितलंस सगळं. नळ, वह्या, सर काय म्हणाले, तू काय केलंस. रडलीससुद्धा थोडी. मी इस्त्री थांबवून ऐकलं.

धाकटी : मला आठवत नाही.

ताई : काय आठवत नाही?

धाकटी : तुला सांगितल्याचं. खरंच नाही आठवत, ताई. बावीस वर्षं मी त्या दिवसाचा कीस पाडला. कोण कुठे बसलं होतं, कोण कसं हसलं, सगळं डोळ्यांसमोर आणलं. तू मनातसुद्धा आली नाहीस.

ताई : संशयसुद्धा नाही आला?

धाकटी : नाही. सांगितलं असेन तर ते… बोलून टाकलं असेन. तू ऐकत असशील, समजून घेत असशील, असं वाटलंच नसेल मला.

ताई : म्हणजे भिंतीशी बोलल्यासारखं.

धाकटी : तसं नाही म्हणत मी.

ताई : तसंच म्हणतेस. मी आपली बावीस वर्षं जीव मुठीत धरून होते, हिला आठवेल, हिला कळेल, ही एक दिवस दारात येऊन उभी राहील म्हणून. आणि तू मला धरलंच नव्हतंस. चोर म्हणूनसुद्धा नाही! त्यापेक्षा थोबाडीत मारली असतीस तर कमी लागलं असतं.

धाकटी : तुला लागलं? तुला? अगं, माझं काय केलंस ते कळतंय का तुला? का केलंस?

ताई : बाबा बसले म्हणून.

धाकटी : म्हणजे?

ताई : बाबा दारावरचे. तीस वर्षांत ते कधी आत येऊन बसले नव्हते, माहीत आहे ना? आत कोण का बोलेना, बाबा दाराशी उभे. त्या दिवशी सकाळी त्यांनी मला विचारलं, 'आज दाराचं तू बघशील का? मी जरा पुढच्या रांगेत बसेन म्हणतो.' तेरा वर्षं झाली होती मला इथे. माझ्यासाठी नाही बसले ते कधी. आणि मी कधी बोलणार होते म्हणून बसतील? बसले ते तुझ्यासाठी. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला… जाऊन चिठ्ठी लिहिली. तू अडखळावंस एवढंच हवं होतं मला. एकदा. त्यांच्यासमोर.

धाकटी : वाचायची नव्हती मग. तुझ्याच हातात होती. गाळायचीस.

ताई : टोपलीत टाकल्यावर पाचव्या मिनिटाला मला घाम फुटला होता. पण चष्मेवाल्याच्या कागदात लिहिलंय, एकही गाळायची नाही. जुने कार्यवाह शेजारीच बसले होते, प्रत्येक चिठ्ठीवर त्यांचा डोळा.

धाकटी : आणि नंतर? जाळून टाकायचीस.

ताई : एकही फाडायची नाही, असंही लिहिलंय. मग पायाखाली ठेवली.

धाकटी : धन्य आहे तुझी! बहिणीचा गळा कापलास आणि नियम मात्र पाळलेस.

ताई : 'हो' म्हणायला मी नव्हतं सांगितलं तुला. 'नाही, वह्या भिजल्या' म्हणाली असतीस, तर कुणी काय केलं असतं? ते खोटं तुझं तू बोललीस.

धाकटी : बोलले. माझं ते. ते मी तुझ्या अंगावर टाकत नाही. पण तुला बरं वाटलं, हे तरी कबूल कर.

ताई : वाटलं. तू गप्प उभी होतीस ना, तेवढा वेळ वाटलं. मग तू 'हो' म्हणालीस, आणि बाबांनी शेजारच्याकडे बघून मान हलवली. कशी मोजतेय बघा माझी पोरगी, अशी. त्यानंतर कधीच बरं वाटलं नाही.

धाकटी : आणि सर? मी सरांकडे जायचं सोडलं, ते तुला दिसत होतं.

ताई : दिसत होतं. का सोडलंस ते आज कळलं, पण त्या दिवसापासून सोडलंस एवढं दिसत होतं. दर वर्षी ठरवायचे, हिला सांगून टाकू. मग तुझं पुस्तक यायचं, पेपरात फोटो यायचा. मग वाटायचं, हिचं कुठे काय बिघडलंय? आणि राहून जायचं.

धाकटी : आज तरी का सांगितलंस? सुटली होतीस की तू. मी सरांचं नाव घेऊन निघालेच होते.

ताई : तू म्हणालीस, सगळ्यात चांगला प्रश्न. आणि म्हणालीस, सरांशिवाय कुणाला सुचणार नाही. आयुष्यात एक गोष्ट मी तुझ्या तोडीची केली. वाईट केली, पण माझ्या डोक्यानं केली. तीही त्यांच्या नावावर जायला लागली, मग नाही राहवलं.

धाकटी : म्हणजे पश्चात्तापानं नाही. हेव्यानंच.

ताई : हेव्यानंच. पश्चात्तापानं बावीस वर्षांत तोंड उघडलं नव्हतं माझं.

धाकटी : ऊठ.

ताई : कुठे?

धाकटी : सरांकडे. आत्ता. चालत गेलं तर दहा मिनिटं.

ताई : आज सहा वाजता व्याख्यान आहे.

धाकटी : दोन वाजलेत. पेटीला झाकण लाव, चिठ्ठी घे आणि चल.

ताई : आणि शनिवार? शनिवारी कोण…

धाकटी : शनिवारचं मला आत्ता विचारू नकोस. तुझी पानं चांगली आहेत, ते काही मी मागे घेत नाही. पण आज तुला काही देण्याइतकं माझं मन मोठं नाही. तिथे गेल्यावर मी एक अक्षर बोलणार नाही. त्यांच्या नावावर मी बावीस वर्षं काय ठेवलं होतं आणि ते खरं कुणाचं होतं, हे तू सांगायचंस.

ताई : मी… मी सगळं नीट लिहून दिलं तर? तू त्यांच्या हातात ठेव. मी खाली जिन्याशी थांबते.

धाकटी : नाही ताई. आता चिठ्ठी नाही.

ताई : मला नाही असं समोरासमोर सांगता येत. कधीच नाही आलं.

धाकटी : माहीत आहे. चप्पल घाल.

माइकवाला : बाई, वायर घेऊ का आता? … निघालात कुठे दोघी?

धाकटी : सरांकडे. ते मागच्या चौकात राहतात, तेच.

माइकवाला : अरे वा, जा की. त्यांचं कानातलं यंत्र मीच नीट करून द्यायचो. आता त्याचाही उपयोग नाही, दोन्ही कान गेलेत. दार सताड उघडं टाकून बसलेले असतात. जरा ओरडूनच बोला, सांगून ठेवतो. जिन्यातल्या चारी घरांना ऐकू गेलं, की मग कुठे त्यांच्यापर्यंत पोचतं.

ताई : जाऊ दे ऐकू.